ड्राइव्ह-होस्ट संवादाच्या पेटंटवर एफईआर आलाय. 'प्रोसेसर आणि मेमरी' घालून सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा. बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीने एसएसडीच्या, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हच्या, फर्मवेअरवर (आतल्या सॉफ्टवेअरवर) पेटंटचा अर्ज केला आहे. कल्पना अशी, की गार्बेज कलेक्शन (निकामी डेटा पुसून जागा मोकळी करण्याची साफसफाई) सुरू करण्याआधी ड्राइव्ह होस्टला, म्हणजे ज्या संगणकाला तो जोडलाय त्याला, कळवतो, होस्ट 'इतका वेळ थांब' म्हणतो आणि ड्राइव्ह थांबतो. आता पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, आलाय. त्यात तीन मुख्य हरकती आहेत. दोन अमेरिकन पेटंटं, डी१ आणि डी२, एकत्र वाचली तर यात इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल, उरत नाही. हा पेटंट कायद्याच्या कलम ३(के)खाली येणारा निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे. आणि क्लेमची, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्यांची, भाषा मोघम आहे. विचारणाऱ्यांना कोणीतरी सुचवलंय की क्लेममध्ये 'प्रोसेसर आणि मेमरी' हे शब्द घाला, ३(के) आपोआप सुटतं.

सुटत नाही. तुमच्या क्लेममध्ये कंट्रोलर आणि मेमरी आधीपासूनच आहेत, तरी हरकत आलीच ना? मग आणखी दोन भागांची नावं लिहून काय होणार? तुमचा पहिला क्लेम पुन्हा एकदा वाचू:

"डेटा साठवण्याचं उपकरण, ज्यात नॉन-व्होलाटाइल मेमरी आणि कंट्रोलर आहे, कंट्रोलर होस्टला व्यवस्थापन माहिती पाठवतो, होस्टकडून व्यवस्थापन सूचना स्वीकारतो, आणि त्या सूचनेनुसार पार्श्वभूमीतलं काम योग्य वेळी करतो."

या वाक्यातून तुमच्या कंपनीचं नाव काढलं तर हे उपकरण कोणाचं आहे? गेल्या पंधरा वर्षांत बाजारात आलेल्या जवळजवळ कोणत्याही ड्राइव्हचं. माहिती गेली, सूचना आली, काम झालं. स्टोरेजमधल्या बहुतेक अर्जांचं घोडं इथेच अडतं. इंजिनिअरच्या डोक्यात शोध असतो तो ड्राइव्हच्या पोटात काय बदललं याचा, आणि क्लेम लिहिला जातो तो वायरीवरून काय गेलं याचा. वायरीवरचं सगळं स्पेकमध्ये, म्हणजे प्रमाण नियमपुस्तकात, आधीच लिहिलेलं असतं.

एनव्हीएमई, म्हणजे होस्ट आणि ड्राइव्ह यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं स्पेक. त्याची पहिली आवृत्ती २०११ची. ड्राइव्हची तब्येत विचारायला गेट लॉग पेज, ड्राइव्हने आपणहून ओरडायला असिंक्रोनस इव्हेंट रिक्वेस्ट, होस्टने वागणूक ठरवायला सेट फीचर्स. या तिन्हींत तुमचा 'माहिती पाठवतो, सूचना स्वीकारतो' हा भाग पूर्ण बसतो. सर्व्हरच्या बीएमसीकडून (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या वेगळ्या चिपकडून) बाजूच्या वाटेने, एसएमबस किंवा पीसीआयई या जोडण्यांवरून एमसीटीपी या प्रोटोकॉलने बोलायचं असेल तर एनव्हीएमई-एमआय आहे, तेही २०१५पासून. त्यामुळे 'आमचा संदेश वेगळ्या वाटेने जातो' या मुद्द्यालाही एकट्याला वजन नाही.

एक्झामिनरने डी१ आणि डी२ दिलेत, पण मला त्या दोघांची तेवढी काळजी नाही. डी१मध्ये ड्राइव्ह स्वतःच ठरवतो कधी साफसफाई करायची, आणि होस्टला फक्त कळवतो. डी२मध्ये होस्ट हुकूम देतो आणि ड्राइव्ह निमूटपणे पाळतो. मला काळजी आहे ती एफईआरमध्ये नसलेल्या दोन गोष्टींची.

पहिली, ईएमएमसी. मोबाइलमधल्या साठवणुकीच्या त्या साध्या चिपमध्ये बीकेऑप्स नावाची सोय ४.४१ आवृत्तीपासून आहे. चिपमध्ये एक स्टेटस असतो, शून्य ते तीन. शून्य म्हणजे काही काम साचलेलं नाही, एक म्हणजे साचलंय पण घाई नाही, दोन म्हणजे आता वेगावर परिणाम होतोय, तीन म्हणजे आता टाळता येणार नाही. होस्ट तो वाचतो आणि सोयीच्या वेळी काम सुरू करायला सांगतो. आता तुमचा क्लेम पुन्हा वाचा. माहिती, सूचना, पार्श्वभूमीतलं काम, योग्य वेळ. चारही सापडले.

दुसरी जास्त जवळची आहे. जून २०१९मध्ये आलेल्या एनव्हीएमई १.४मधला प्रेडिक्टेबल लेटन्सी मोड (लेटन्सी म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ). तिथे होस्ट ड्राइव्हला 'डिटर्मिनिस्टिक विंडो'त टाकतो, त्या काळात ड्राइव्हने पार्श्वभूमीची कामं मध्ये आणायची नसतात. किती रीड, किती राइट आणि किती वेळ निभावेल याचा अंदाज ड्राइव्ह लॉग पेजमधून देतो. निभावेनासं झालं तर तो आपणहून विंडोबाहेर पडू शकतो. तुमच्या अर्जाची तारीख यानंतरची आहे. म्हणजे हे प्रायर आर्ट, अर्जाआधीच जाहीर असलेलं ज्ञान, आहे.

यावर तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: एक्झामिनरने ते शोधलंच नाही, तर आपण कशाला बोलायचं? भारतात तुमच्यावर ते सांगण्याचं बंधन नाही. कलम ८ परदेशातल्या समांतर अर्जांची माहिती मागतं, प्रायर आर्टची यादी नाही. (याच शोधाचा अमेरिकेत अर्ज असेल तर मात्र तिथे माहीत असलेलं प्रायर आर्ट सांगावंच लागतं, हे तिकडच्या वकिलाला आजच कळवा.) पण न सांगणं वेगळं आणि त्याकडे डोळेझाक करून क्लेम लिहिणं वेगळं. पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष कोणीही हितसंबंधी पक्ष कलम २५(२)खाली विरोध करू शकतो. तुमचा प्रतिस्पर्धी फर्मवेअरवालाच असणार, आणि एनव्हीएमईचं स्पेक त्याच्या डेस्कटॉपवर उघडंच असतं. तेव्हा क्लेम आत्ताच असा दुरुस्त करायचा की ही दोन्ही त्याला लागू पडता कामा नयेत.

मग उरतं काय? बरंच उरतं, फक्त ते पहिल्या क्लेममध्ये नाही. तुमच्या तपशिलात, चौथ्या आकृतीच्या वर्णनात, एक परिच्छेद आहे जो तुम्ही स्वतःच फार महत्त्वाचा मानलेला दिसत नाही. होस्ट नुसतं 'थांब' म्हणत नाही. तो दोन आकडे पाठवतो, किती वेळ थांबायचं आणि त्या वेळात साधारण किती डेटा लिहिणार. ड्राइव्ह मोकळ्या ब्लॉक्सचा साठा बघतो, राखीव उंबरठा वजा करतो, आणि तेवढ्यात भागत नसेल तर नकार न देता कमी वेळ परत सांगतो. उदाहरणार्थ, होस्टने चाळीस सेकंद मागितले आणि सहा जीबी लिहिणार म्हणाला. ड्राइव्हकडे उंबरठ्याच्या वर चार जीबीपुरतीच जागा आहे. ड्राइव्ह उत्तर देतो: सव्वीस सेकंद. आणि त्या सव्वीस सेकंदांत ज्या डायवर (फ्लॅशच्या सिलिकॉन तुकड्यावर) होस्टचे रीड चाललेत तिथे एकही इरेज, म्हणजे ब्लॉक पुसण्याची आज्ञा, जात नाही.

सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची असते तेव्हा जसं होतं तसंच हे. वरच्या मजल्यावर बारसं असेल तर ते म्हणतात, आज नको. सेक्रेटरी विचारतो पाहुणे किती, टाकीत पाणी किती, आणि म्हणतो, चारपर्यंत थांबतो, पुढे नाही. बीकेऑप्समध्ये सेक्रेटरी फक्त 'टाकी घाण झालीय' एवढं सांगतो. प्रेडिक्टेबल लेटन्सी मोडमध्ये तो साधारण अंदाज फलकावर लावतो, आणि पाणी संपायला आलं की टाकी धुवायला घेतो. ठरावीक मागणी ऐकून तिला ठरावीक उत्तर देणं दोन्हीकडे नाही. तुमचा शोध तेवढाच आहे, आणि तेवढा पुरतो.

आता क्लेम असा व्हायला हवा. भाषा तुमच्या पेटंट एजंटने घासूनपुसून घ्यावी, पण सांगाडा हा:

"अनेक डाय असलेली फ्लॅश मेमरी आणि तिला जोडलेला कंट्रोलर असलेलं साठवणूक उपकरण, कंट्रोलर (अ) होस्टकडून एक विनंती स्वीकारतो, जिच्यात इरेज पुढे ढकलण्याचा मागितलेला कालावधी आणि त्या कालावधीत लिहिल्या जाणाऱ्या डेटाचं अपेक्षित प्रमाण असतं, (आ) मोकळ्या ब्लॉक्सची संख्या आणि राखीव उंबरठा यांवरून मान्य कालावधी ठरवतो, जो मागितलेल्यापेक्षा कमी असू शकतो, (इ) तो मान्य कालावधी त्या विनंतीच्या कंप्लिशनमध्येच होस्टला कळवतो, आणि (ई) मान्य कालावधी संपेपर्यंत, होस्टचे रीड चालू असलेल्या डायना इरेज आज्ञा देणं रोखून धरतो, आणि राइट अपेक्षेपेक्षा जास्त होऊन साठा उंबरठ्याला टेकला तरच तो रोध उठवतो."

(इ)मधला 'कंप्लिशनमध्येच', म्हणजे त्या विनंतीला ड्राइव्ह जी पोच देतो तिच्यातच, हा शब्द मुद्दाम घातलाय. उत्तर वेगळ्या लॉग पेजमधून नंतर वाचायचं असतं तर आपण पुन्हा एनव्हीएमई १.४च्या शेजारी जाऊन बसलो असतो. तुमच्या वर्णनात कंप्लिशनचाच उल्लेख आहे, तेव्हा आधाराचा प्रश्न नाही. (ई) सगळ्यात महत्त्वाचं. इथे क्लेम संदेशातून बाहेर पडून सिलिकॉनवर उतरतो.

३(के)चं उत्तरही तिथेच आहे. कायद्याच्या शब्दांत 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से' वगळलेला आहे. 'पर से' (निव्वळ तेवढाच) हे दोन शब्द उगाच घातलेले नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं. शोध प्रोग्रॅमवर आधारलेला असला तरी त्याचा तांत्रिक परिणाम दाखवता आला तर तो बाद होत नाही. 'हार्डवेअर नवीन असायलाच हवं' ही अट पेटंट ऑफिसच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत होती, २०१७च्या तत्त्वांत ती काढून टाकली, आणि तरीही ती लावून अर्ज फेटाळला गेला तेव्हा २०२३मध्ये रेथिऑनच्या प्रकरणात न्यायालयाने तो निर्णय टिकू दिला नाही. २०२५मध्ये सुधारित तत्त्वं आली आहेत. उत्तर लिहिताना ती समोर ठेवा. पण निकालांची जंत्री देऊन काम होत नाही. मी कितीतरी उत्तरं पाहिलीत ज्यांत तीन पानं न्यायालयांची आणि चार ओळी शोधाच्या. पेटंट ऑफिसच्या कंट्रोलरला, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला, ते निकाल पाठ असतात. तुमचा ड्राइव्ह त्याने पाहिलेला नसतो.

तेव्हा त्याला ड्राइव्ह दाखवा. फ्लॅशमधला एक रीड काही दहा मायक्रोसेकंदांत होतो, इरेजला काही मिलिसेकंद लागतात. ज्या डायवर इरेज चालू आहे तिथला रीड रांगेत अडकतो, आणि हजारात एखाद-दुसरा रीड अचानक कित्येक पट उशिरा येतो. ही मेमरीच्या भौतिक रचनेतून आलेली अडचण आहे, हिशेबातली नाही. तुमचा कंट्रोलर त्या डायला इरेज जाऊ देत नाही. परिणाम म्हणजे शेपटीची लेटन्सी, म्हणजे त्या मोजक्या रखडणाऱ्या रीडचा वेळ, खाली येते. आणि मान्य कालावधी खऱ्या साठ्यावरून ठरत असल्याने 'असावी म्हणून' ठेवायची जादा राखीव जागा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच चिपमधून जास्त वापरायोग्य क्षमता. हे दोन परिणाम तुमच्या मूळ वर्णनात आहेत का ते बघा. पहिला आहे, आलेखासकट. दुसऱ्याचं एकच वाक्य आहे, पण आहे. नवीन चाचण्यांचे आकडे आधार म्हणून उत्तरासोबत जोडता येतील. मूळ वर्णनात शिरवता येणार नाहीत.

एक खबरदारी. ३(के)मध्ये 'अल्गोरिदम' आणि 'गणिती पद्धत' हेही आहेत, आणि तुमच्या (आ)मध्ये आकडेमोड आहे. क्लेम आकडेमोडीवर संपला तर पेटंट ऑफिसचा कंट्रोलर तेवढंच बोट धरून बसेल. म्हणूनच तो इरेज रोखण्यावर संपवायचा. आणि अर्जातले सोळा ते वीस क्रमांकाचे 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम प्रॉडक्ट'वाले क्लेम सरळ काढून टाका. अमेरिकेत ते चालतात म्हणून इकडे नक्कल झाले असणार. इथे त्यांच्यापायी अख्ख्या अर्जाला प्रोग्रॅमचा वास येतो.

इन्व्हेंटिव्ह स्टेपचा युक्तिवाद आता सोपा होतो. डी१मध्ये निर्णय ड्राइव्हचा, डी२मध्ये होस्टचा. दोन्ही जोडले तर काय मिळतं? ड्राइव्ह कळवतो, होस्ट हुकूम देतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर कोणी किती माघार घ्यायची, हे जोडूनही मिळत नाही, कारण दोन्हीकडे तो प्रश्नच पडलेला नाही. डी२ तर उलट सांगतं की होस्टची आज्ञा विनाशर्त पाळायची, म्हणजे ते जाणकाराला तुमच्यापासून दूर नेतं. डी२मधला तो परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करा. आणि 'एक्झामिनर मागाहूनचं शहाणपण वापरतोय' असं लिहू नका. खरं असलं तरी वाचणारा तोच आहे.

होस्टच्या बाजूचा स्वतंत्र क्लेम, तुमचा अकरावा, यावर मतभेद होऊ शकतो. माझं मत: सोडा. होस्टच्या बाजूला जे घडतं ते सगळं ड्रायव्हरमध्ये, तिथे ३(के)ची धार जास्त बसते. 'होस्ट आणि ड्राइव्ह मिळून बनलेली सिस्टिम' हा सहावा क्लेम तर आणखी कुचकामी आहे. समजा उद्या कोणी तुमची नक्कल केली. ड्राइव्ह एक कंपनी विकते, सर्व्हर दुसरी, ड्रायव्हर ग्राहक स्वतः टाकतो. कलम ४८ हक्क देतं ते क्लेममधलं उत्पादन बनवण्या-विकण्यावर. पूर्ण सिस्टिम कोणीच विकत नसेल तर पकडणार कोणाला? एकट्या ड्राइव्हवरचा क्लेम असेल तर ड्राइव्ह विकणारा थेट सापडतो. म्हणून वरच्या सांगाड्यात होस्ट कुठेही कर्ता नाही. त्याच्याकडून फक्त विनंती येते. होस्टच्या बाजूचं तुम्हाला अगदीच सोडवत नसेल, तर मूळ पेटंट मिळण्याआधी कलम १६खाली डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला, अर्ज हा मार्ग आहे, पण अर्जात खरंच दुसरा शोध आहे हे दाखवावं लागेल.

मोघमपणाची हरकत रास्त आहे, वाद घालू नका. 'व्यवस्थापन माहिती' जाते, 'योग्य वेळी' जातं, पाचव्या क्लेममधलं 'इष्टतम' जातं. आकृत्यांमधले संदर्भ क्रमांक क्लेममध्ये कंसात टाका.

दुरुस्ती करताना कलम ५९ची चौकट लक्षात ठेवा. दुरुस्त क्लेम पूर्णपणे जुन्या क्लेमच्या व्याप्तीत बसला पाहिजे आणि मूळ वर्णनात त्याचा आधार हवा. आपण अरुंद करतोय, तेव्हा पहिली अट पाळली जाते. दुसरीसाठी प्रत्येक नव्या शब्दासमोर वर्णनातलं पान आणि ओळ लिहिलेला तक्ता जोडा. हा तक्ता कोणी मागत नाही, पण सुनावणीत तोच सगळ्यात जास्त कामी येतो.

मुदतींबद्दल. एफईआर निघाल्यापासून सहा महिने, आणि फॉर्म ४ भरून आणखी तीन. तो फॉर्म सहा महिने संपण्याआधी जायला हवा. मुदत हुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. २०२४च्या नियमांनंतर परदेशी अर्जांची ताजी माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरपासून तीन महिन्यांत द्यावा लागतो. ही तारीख आधी येते आणि तीच लोक विसरतात.

उत्तराने समाधान झालं नाही तर सुनावणी लागेल. पूर्वी त्यासाठी डेक्कन क्वीन पकडून मुंबईतल्या ॲन्टॉप हिलचं पेटंट ऑफिस गाठायचो, आता व्हिडिओवर होते. त्या कॉलला एजंटबरोबर ज्याने हे फर्मवेअर लिहिलंय त्याला बसवा. कंट्रोलरने विचारलं, 'राइट जास्त झाले तर?' की त्याने उंबरठ्याचं गणित दोन मिनिटांत सांगावं, बाकी गप्प बसावं. उत्साहाच्या भरात 'हे तसं कोणीही करू शकतं, आम्हाला फक्त आधी सुचलं' असं इंजिनिअर बोलून जातात. सुनावणीनंतर लेखी म्हणणं मांडायला पंधरा दिवस मिळतात. तिथेही नकार आला तर कलम ११७एखाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: अनेक होस्ट एकाच ड्राइव्हला वेगवेगळा कालावधी मागतात, त्यांच्यात वाटणी करण्याची नवी पद्धत तुम्ही तयार केलीय आणि तिचा पॅच या महिन्यात लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर पाठवायचाय. हे या अर्जात घालता येणार नाही, मूळ वर्णनात एक शब्दही नाही. कलम ५४खाली 'पेटंट ऑफ ॲडिशन', म्हणजे मूळ शोधातल्या सुधारणेवरचं जोडपेटंट, मागता येईल. त्याला वेगळी नूतनीकरण फी नाही, मुदत मूळ पेटंटबरोबर संपते, आणि मूळ शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही एवढ्यावरून ते पाडता येत नाही. नावीन्य मात्र लागतंच. सार्वजनिक लिस्टवर गेलेला पॅच हे प्रकाशनच; प्रदर्शन किंवा विद्वत्सभेतला निबंध यांसाठी कायद्यात जी बारा महिन्यांची सवलत आहे ती याला लागू होत नाही. अर्ज आधी टाका, त्याचा क्रमांक हातात आला की मग पॅच पाठवा.